पोदेर येऊन जाईपर्यंत

विहीणबाई, आधी हे सांगून टाकते, नाहीतर तुम्ही वर गेलात तरी स्वस्थ बसायच्या नाहीत. सोमो जिवंत आहे. वेलीपाशीच उभा आहे, तुम्ही ठेवलात तिथंच. त्याला काही धाड भरलेली नाही.

आता मला भांडू द्या.

ही काय रीत झाली, विहीणबाई? बुधवारचा बाजार करून मी तुमच्याकडे येणार होते. ढाल घ्यायची की नाही ते समोरासमोर बसून ठरवू, असं तुम्हीच म्हणालात. "फोनार नाका. तुमी फोनार आरडतास, माजो कान दुखता," हे तुमचे शब्द. मी पिशवी काढून खुंटीला लावून ठेवली होती. काय काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं, ह्या खेपेला तुम्हाला बोलायला जागाच ठेवणार नव्हते. आणि तुम्ही आदल्या दिवशी सकाळी, फाटकापाशी, पोदेराकडून पाव घेता घेता पायरीवर बसलात काय आणि संपलात काय. वाद अर्धा टाकून माणूस असा उठून जातो? निदान "तुमचंच खरं" एवढं म्हणून तरी जायचं. किंवा "माझंच खरं" म्हणून. काहीतरी एक.

तुमचं वय, माहेर, मागे कोण कोण आहे, ते सगळं पेपरात छापून आलंय. फोटो वाईट निवडलाय, मी नितीनला सांगितलं होतं तो लग्नातला घे म्हणून. ते मी इथं परत लिहीत नाही. वाचणाऱ्यांना एवढंच सांगते की मी इब्रामपूरची, तुम्ही डिचोलीच्या, माझी रेखा तुमच्या नितीनला दिली म्हणून तुम्ही माझ्या विहीणबाई. सोमो आमचा कोण, ते कळायला मात्र तुमच्या गुडघ्यापासून सुरुवात करावी लागेल.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तुम्हाला खाटेवर पडून राहायला सांगितलं. तुम्ही आणि पडून? रेखा नि नितीन दोघं सकाळी तुयेला कंपनीत कामाला जायची, आणि तुम्ही भिंत धरून मागच्या दारी तुळशीला पाणी घालायला. शेवटी वैतागून नितीननं तुमच्या मोबाईलवर एक खेळ घालून दिला. म्हणाला, आये, हा बसून खेळायचा, तू काही केलं नाहीस तरी आपला आपण चालतो. एक माणूस असतो. त्याला काम सांगायचं आणि फोन बाजूला ठेवायचा. तो झाडं तोडतो, मासे धरतो, रांधतो, हत्यारं करतो, लढतो. आपण दुपारची झोप काढून उठावं तर त्याचं काम झालेलं.

पण सुरुवातीला दोन-तीन प्रश्न विचारतात त्यात, कसा खेळणार म्हणून. तुम्ही चष्मा न लावता बोट ठेवलंत. एका ठिकाणी "फक्त लढाई" ठेवलंत, दुसऱ्या ठिकाणी "हार्डकोअर". संध्याकाळी नितीननं बघून कपाळाला हात लावला. फक्त लढाई म्हणजे मासे, लाकूड, शेती, स्वयंपाक सगळं बंद. मारून मिळेल तेवढंच आपलं. आणि हार्डकोअर म्हणजे मेला की मेला, परत उठणार नाही, पहिल्यापासून नवा माणूस. म्हणाला, आये, भल्याभल्यांना जमत नाही हे, मी सोपा लावून देतो. तुम्ही फोन छातीशी धरलात.

"रांदप नाय ना तेका? मगे बरां आसा. जल्मभर रांदलंय मी. हो तरी नाय रांदूचो."

"आणि जीव एकच आहे, आये."

"माका किती आसत?"

हे मला रेखानं सांगितलं तेव्हा मी बसमध्ये एकटीच हसत होते. पुढच्या बुधवारी बाजारातून थेट तुमच्याकडे आले, ती या माणसाला बघायला. त्याचं नाव तुम्ही सोमो ठेवलं होतं. का, ते कधी सांगितलं नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, "तेच्या तोंडार दिसता."

पहिला सोमो कोंबड्या मारत होता. कोंबडी मेली की पिसं मिळायची आणि मांस मिळायचं, पण कच्चं. कच्चं खाता येत नाही आणि शिजवायला बंदी. ढीगभर कोंबडी पिशवीत घेऊन हा बाबा उपाशी! मी म्हटलं, विहीणबाई, हा कसला खेळ, कोंबडी मारून कोंबडी खाता येत नाही? सोमोचा जीव म्हणजे डोक्यावरची एक तांबडी पट्टी. घाव बसला की ती कमी होते, आणि कमी झाली की आपण बोट लावून त्याला खायला घालायचं. नाही घातलं तर गेला. तेवढ्यात रस्त्यावर पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला. तुम्ही फोन खिडकीत, जनेलावर ठेवलात, काठी घेतलीत आणि गेलात फाटकाशी. तिथं कालचे उंडे पाव लहान होते म्हणून तुमचं आणि पोदेराचं चाललं. परत येऊन बघता तर सोमो आडवा. कोंबडीनं मारला. मी तिथंच बसले होते, पण लढाई थांबवायला कुठं बोट लावायचं ते मला ठाऊक नव्हतं. तुम्ही मला काही बोलला नाहीत. पोदेराला मात्र दुसऱ्या दिवशी भरपूर बोललात, आणि त्या बिचाऱ्याला आजपर्यंत कळलेलं नाही का ते.

दुसऱ्या सोमोला मी मारला. होय, माझ्याच सांगण्यावरून गेला, ते तुम्ही मला इतक्यांदा ऐकवलंत की आता मीच म्हणून टाकते. मी म्हटलं, असं कोंबड्यांत रमून काय होणार? लोखंडी ढाल घ्या, टोप घ्या आणि पाठवा वाटमाऱ्यांवर. वाटमाऱ्यांकडे कापड असतं, नाणी असतात, भाकरीसुद्धा असते शिजवलेली. तुम्ही म्हणत होता, थांबा, थांबा. पण मी ऐकते होय. ढाल घेतली, छान दिसत होता हो, मुंजीतल्या बटूसारखा. आणि पहिल्याच वाटमाऱ्यानं असा एक हाणला की पट्टी अर्धी, आणि आपण बोट लावेपर्यंत दुसरा. तुम्ही फोन पालथा घालून चटईवर ठेवलात आणि अबोली खुडायला गेलात. गुडघा दुखत असताना.

तिसऱ्या सोमोला तुम्ही मला हातच लावू दिला नाहीत.

तिथून तुमचं ते शास्त्र सुरू झालं. बाई गं, काय ते शास्त्र! ज्याच्यावर जायचं त्याची आधी चौकशी करायची. तो किती जोरात मारतो याची नव्हे, जोरात जोरात म्हणजे किती मारू शकतो याची. त्याच्या माहितीत कोपऱ्यात एक आकडा लिहिलेला असतो, मोठ्यात मोठा घाव. तो आकडा आपल्या पट्टीच्या पुष्कळ खाली असेल तरच पाय टाकायचा. "रोज बरो वागणारो माणूस रागार आयल्यार काय करीत, तां बगूचा," असं तुम्ही म्हणायच्या. सोयरीक जमवताना तुम्ही आमची अशीच चौकशी केली असणार.

मग ती वेल. माळावर एक रानटी वेल उभी असते, फटके मारते, पण तिचे फटके म्हणजे पोराला आजीनं मारलेले. ती मेली की फळ पडतं, शिजवावं न लागणारं. तुम्ही सोमोला तिथं उभा केलात आणि त्याला शिकवायला काय लावलंत, तर मार खायला. लढाई करताना काय वाढवायचं ते आपण ठरवतो. मारायचा जोर वाढवा, नेम वाढवा, नाहीतर डिफेन्स वाढवा, म्हणजे घाव चुकवायची ताकद. सगळे म्हणे आधी जोर वाढवतात, कारण जोर वाढला की भराभर मारता येतं. तुम्ही डिफेन्स लावून बसलात. गणपतीची चवथ आली, चवथ गेली, दिवाळी आली, सोमो आपला वेलीपाशी. फळं साठवतोय आणि फटके चुकवतोय.

मी म्हणायची, "विहीणबाई, सोमोचं लग्नाचं वय निघून चाललं."

"सोमोक घाय नाय. घाय तुमका."

"पण वाटमाऱ्यांकडे एका दिवसात जे मिळेल ते इथं महिन्यात नाही मिळत."

"आनी थंय एका दिसात जां जायत, तां हंय जल्मात जावचा नाय."

आणि तुमचा तो नियम. पोदेराचा. भोंगा वाजला की आपल्याला जावं लागणारच. फोन जनेलावर राहणारच. तेव्हा सोमोला अशाच ठिकाणी उभा करायचा की पोदेर येऊन जाईपर्यंत, बोट लावणारं कुणी नसलं तरी, तो मरता कामा नये. पोदेर म्हणजे नुसता पोदेर नव्हे, पोदेराशी भांडण धरून. एवढा वेळ जो टिकतो तोच सोमो, बाकीचे सगळे पाहुणे. नितीन हसायचा. म्हणायचा, आये, जगातले मोठे मोठे खेळाडू हेच सांगतात, फक्त त्यांना पोदेर नाही.

तर आपला वाद. दुकानात एक गोष्ट मिळते, नितीन तिला ऑटो-ईट म्हणतो, आपण आपोआप जेवण म्हणायचो. ते घेतलं की पट्टी खाली गेल्यावर सोमो आपल्या पिशवीतलं आपण काढून खातो, कुणी भरवावं लागत नाही. महाग आहे. वेलीपाशी राहून तेवढी नाणी जमायला युगं लागतात. तेवढ्यात ढाल येते, टोप येतो, चिलखत येतं आणि वर उरतात. माझं म्हणणं, घावच कमी बसला तर खायची वेळ कशाला येईल? आधी ढाल. तुमचं म्हणणं, घाव आज ना उद्या बसणारच, तेव्हा आधी जेवण. यावर आपण किती भांडलो! नाणी जमत आली तसा तुमचा आवाज चढत गेला. आणि जमली, तेव्हा म्हणालात, बुधवारी या.

विहीणबाई, तो वाद ढालीचा नव्हता, हे काय मला कळत नव्हतं?

आमच्यात मुलीच्या घरी, तिला मूल होईपर्यंत, आईबाप अन्नपाणी घेत नाहीत. माझ्या आईनं माझ्याकडे घेतलं नाही, मला थोरली मुलगी होईपर्यंत. मी रेखाकडे घेतलं नाही. लग्न झालं तेव्हा तुम्ही हसलात, म्हणालात बरं, वर्षभराची तर गोष्ट. मग वर्षं गेली. डॉक्टर झाले, देव झाले, नवस झाले, आणि एक दिवस रेखा नि नितीननं तो विषय बंद केला. आपण दोघींनीही केला. पण मी मात्र दर बुधवारी इब्रामपुरात पोटभर जेवून निघायची आणि तुमच्या बाहेरच्या सोप्यावर बसून तुमच्या पाण्याच्या तांब्याकडे बघायची. उन्हातून आलेली असले तरी. तुम्ही तो तांब्या दर वेळी आणून ठेवायच्याच. मी दर वेळी त्याला हात लावायची नाही. आणि पाहुणी बसलेली असताना आपण एकटीनं जेवायचं कसं म्हणून तुम्हीही माझी बस जाईपर्यंत जेवायच्या नाहीत. दोन म्हाताऱ्या समोरासमोर उपाशी, आणि मध्ये फोनमध्ये सोमो फळं खातोय! तुम्ही त्याला बोटानं भरवायच्या आणि माझ्याकडे न बघता म्हणायच्या, "खा रे बाबा. तू तरी खा माज्या हातचा. ह्या घरात माज्या हातचा खाणारो पावणो तू एकलोच."

मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. खोटं नाही सांगत, मला रागही यायचा. रीत काय मी काढली होती?

पण ते चवथीचं, सगळ्या भाज्यांचं खतखतं. तुमच्या खतखत्याचं नाव मी रेखाच्या लग्नापासून ऐकत आले. आमच्या गावातली माणसं, जी वरातीबरोबर तुमच्याकडे आली होती, ती अजून बोलतात. चवथीनंतरच्या बुधवारी मी आले, तर तुम्ही मुद्दाम राखून ठेवलं होतं. ताट वाढूनच आणलंत. तिरफळाचा वास सगळ्या सोप्याभर. मी म्हटलं, विहीणबाई, नको. तुम्ही ताट खाली ठेवलं नाहीत. उभ्या राहिलात. रेखाला त्या दिवशी सुटी होती, ती आत होती. तुम्ही आवाज बारीक केलात.

"तुमी पाणी नाका म्हणतास, तेवां रेखाचा तोंड बगलास कदी?"

मी पिशवी उचलली.

"दर बुधवारी तुमी येतास आनी काय एक न बोलता तिका सांगून जातास. माज्या पोरीक तुमी अशा सांगू नका."

माझ्या पोरीक म्हणालात. माझ्या तोंडावर, माझ्या मुलीला.

मी उठले आणि बसस्टॉपवर गेले. बस यायला वेळ होता, तरी तिथंच उभी राहिले. त्यानंतर फोन केला नाही. तुम्हीही नाही. मग एक दिवस दुपारी तुमचा फोन आला आणि हॅलो नाही, काही नाही, तुम्ही म्हणालात, "सोमोचो डिफेन्स वाडलो." मी म्हटलं, "किती?" आणि पुन्हा सुरू झालं. त्या ताटाचं कुणीच काढलं नाही. ढाल आधी की जेवण आधी, एवढंच भांडत राहिलो.

आता सगळे म्हणतात त्या किती शांत होत्या. कुणाबद्दल बोलतायत तेच मला कळत नाही. तुमचं बोलणं म्हणजे कोयती. पण ती कधी रेखाच्या बाजूला वळली नाही, हे मी जाणते. तुमच्या त्या चुलत नणंदेनं सत्यनारायणाला सगळ्या बायकांत विचारलं होतं, "अजून काय नाय?" तेव्हा तुम्ही तिच्या पानात भाताचा डोंगर घातलात आणि म्हणालात, "काय नाय? शीत आसा, भाजी आसा, खीर आसा. जेव, तोंड भरलां की बरां." तुयेची कंपनीची बस पकडायच्या आधी रेखाच्या हातात चहा नि गरम उंडा रोज तुमच्या हातून. पोदेराची घाई त्यासाठीच असायची. सासू अशी मिळाली म्हणून मी देवाला काय काय बोलले असेन, तुम्हाला काही बोलले नाही. विहिणीला तोंडावर चांगलं म्हणायची आपल्याकडे पद्धत कुठे आहे? आणि तुम्ही तरी ऐकून घेतलं असतंत का?

तुम्ही गेलात त्या सकाळचं पोदेरानं सांगितलं. म्हणाला, कालचे करपले होते म्हणून मला बोलल्या, मग हसल्या, पायरीवर टेकल्या, मला वाटलं गुडघा दुखतोय. रेखा तोपर्यंत चप्पल घालत होती.

मग सगळी धावपळ. मी आले तेव्हा तुम्ही सोप्यावर, ज्या जागेवर मी बसायची तिथं. सगळं झालं, माणसं गेली, घर धुतलं, आणि रेखाला फोन दिसला. जनेलावर, नेहमीच्या जागी, बॅटरी संपून काळा झालेला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. तो खेळ फोन बंद असला तरी आत चालतो. उघडला की एक चौकट येते आणि सांगते, तुम्ही नव्हता तेव्हा काय काय झालं. इंग्रजीत येतं, पण ती अक्षरं मी सोमोपायी शिकले आहे. चार्जिंगला लावून आम्ही खाली बसलो. रेखा म्हणाली, आई, तू उघड. मी म्हटलं, तू. शेवटी दोघींनी मिळून बोट लावलं, लहान मुलांसारखं.

तुम्ही नव्हता तेव्हा सोमोनं वेली मारल्या. तुम्ही नव्हता तेव्हा सोमोला फळं मिळाली. तुम्ही नव्हता तेव्हा सोमोचा डिफेन्स वाढला. पट्टी जवळजवळ भरलेली. कुणी भरवायला नाही, आपोआप जेवण घेतलेलं नाही, आणि वेलीचे फटके त्याला लागतच नव्हते. लागले ते जिरून जात होते. रेखा तिथं पहिल्यांदा रडली. तोपर्यंत तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

आणि मला काय झालं सांगू? राग आला. इतका राग आला की फोन फेकावासा वाटला. म्हणजे तुमचंच खरं झालं की! माझं ऐकून सोमो वाटमाऱ्यांवर गेला असता तर पोदेर पुढच्या घरी पोचायच्या आत आडवा झाला असता. तुम्ही जिंकलात, आणि मला ते तुमच्या तोंडावर कबूल करायचीसुद्धा सोय ठेवली नाहीत. ज्याच्या त्याच्या मोठ्यात मोठ्या घावाची चौकशी करणारी बाई, तुमच्या स्वतःच्या छातीत दोन महिने काय दुखत होतं त्याची चौकशी कुणी करायची? "वायू आसा," म्हणायच्या. ओवा खायच्या. वायू! सोमोला कोंबडीपाशी नेताना दहा वेळा आकडे बघणारी बाई!

सुतकात चूल बंद. शेजारचे आणून देतील ते खायचं. मला हसू आलं, म्हटलं, सगळं घर सोमोच्या नियमावर आलं, रांधायला बंदी, हाती लागेल ते खा. कुणाला सांगणार? हसणारी तुम्हीच होता. मी रोज इब्रामपूरहून यायची, संध्याकाळी परत. शेजारणी मलाही पान द्यायच्या आणि मी नको म्हणायची, आणि त्या समजूतदारपणे मान हलवायच्या. रेखा ते पान उचलून आत न्यायची. त्या दिवसांत मी पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघितलं. तुम्ही सांगितलं होतंत म्हणून नव्हे. समोर दुसरं कुणी नव्हतं म्हणून.

काय दिसलं ते लिहीत नाही. तुम्हाला ठाऊकच आहे.

मग दहावा. पुरुष माणसं नदीवर गेली, आम्ही बायका घरी. दुपार कलली तरी परत येईनात. नितीनचा फोन आला, मला. "आई, कावळा शिवत नाही. माडावर बसलाय, खाली येत नाही. रेखाला बघेन म्हटलं, घराचं काम पुरं करेन म्हटलं, मामा तर बकऱ्याचा नवस बोलला. भट वैतागलाय. तुम्हाला काही म्हणाली होती का आये?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी फोन घेऊन मागच्या दारी गेले.

"तिला सांग," मी म्हटलं, "ढाल घेत नाही. आधी आपोआप जेवण घेते."

"काय?"

"तू सांग रे. मोठ्यानं सांग."

तिकडे भटासमोर, मामासमोर, जावई ओरडला, आये, आधी ऑटो-ईट! थोड्या वेळानं त्याचा परत फोन आला की कावळा शिवला. लगेच आला म्हणतो. त्याच्यावर काय विश्वास ठेवायचा, उन्हात उभा होता बिचारा, त्याला घरी यायचं होतं. पण मी शब्द दिला होता, आणि तुमच्याशी शब्द फिरवायची माझी छाती नाही. त्याच संध्याकाळी तुमच्या सोप्यावर बसून मी सोमोची सगळी नाणी त्या आपोआप जेवणावर घातली. इतक्या दिवसांची कमाई एका बोटात. आता ढाल घ्यायला काही उरलं नाही. झालं समाधान?

नुसतं घेऊन भागत नाही, कधी खायचं तेही ठरतं. पट्टी अमुक इतकी खाली गेली की खायचं. नितीन समजावून सांगत होता, आई, रिकामी होईपर्यंत थांबत नाही तो, आधीच खातो, म्हणून वाचतो. मी म्हटलं, कळलं रे, कळलं. मला काय इतकंही कळत नाही?

बाराव्याला चूल पेटली. रेखानं पहाटेच उठून सगळं रांधलं, कुणाला हात लावू दिला नाही. पानं मांडली. मी नेहमीसारखी सोप्यावर. ती बाहेर आली, हातात पाण्याचा तांब्या, तुमचाच. माझ्या पुढ्यात ठेवला आणि उभी राहिली. "घे" नाही, "नको" नाही. तुम्ही तिला हेही शिकवून ठेवलंत.

मी चुकले असं मी म्हणणार नाही, विहीणबाई. तुम्हाला तेच ऐकायचंय, मला माहीत आहे, आणि मी ते म्हणणार नाही. माझ्या आईची रीत होती ती, तिचंही तोंड मला आठवतं. पण तांब्या उचलला. पाणी प्यायले. तुमच्या विहिरीचं पाणी इतकं गोड आहे हे कुणी कसं सांगितलं नाही मला? तुम्ही तरी सांगायचं. रेखा आत गेली ती जवळजवळ धावतच, आणि माझं पान तिनं नितीनच्या शेजारी मांडलं.

खतखतं होतं. तुम्हाला आवडायचं म्हणून. तुमच्याच पद्धतीनं केलं होतं, तिरफळं ठेचून, आमसूल शेवटी, अळूची देठं वेगळी उकडून. पहिला घास घेतला आणि सगळे बोलायला लागले. मामा म्हणाले, अगदी तिच्या हातचं. चुलत नणंद म्हणाली, डोळे मिटून खाल्लं तर वाटावं तीच वाढतेय. नितीन नुसता खात होता आणि नाक पुसत होता. शेजारीण म्हणाली, वास आला तेव्हाच ओळखलं.

सगळ्या पंगतीत मी एकटी, जिला काही ओळखता येत नव्हतं. चांगलं होतं. तिखट बेताचं होतं, मीठ किंचित कमी. पण तुमचं मीठ कमी असायचं की रेखाचं पडलं, हे मला कसं कळणार? मी कुणाला विचारू? इतकी वर्षं तुमच्या सोप्यावर बसले, तुमचा आवाज, तुमची काठी, तुमचा तो तोंडावरचा ठसका, सगळं मला पाठ आहे. तुमच्या हातची चव तेवढी माझ्याकडे नाही. एवढं एक तुम्ही आयुष्यभर पुढं करत राहिलात, आणि तेच नेमकं.

रेखा भांडं घेऊन माझ्यापाशी आली, वाकली. म्हणाली, "आई, झालंय ना गं तसंच?"

मी पान पुढं केलं. म्हटलं, "अजून वाढ."